कापलेला कोपरा

"मॅडम, उलटं धरलंय," दारावरचे काका म्हणाले, आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. आमच्या संस्थेच्या दारावर सोमवारपासून कार्ड वाचणारं यंत्र बसवलंय. तीनदा लाल दिवा लागला होता आणि मी यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळी झाले होते. काका शांतपणे म्हणाले, "यंत्र चांगलं आहे हो. तुम्ही कार्ड उलटं देताय. नेहमीच देता." नेहमीच म्हणजे? "म्हणजे मी इथं लागलो तेव्हापासून. वीस वर्षं झाली. तुम्ही उलटं द्यायचात, मी हातात घेऊन सरळ करून नोंद करायचो. आता यंत्र थोडंच सरळ करून घेणार?" मी म्हटलं, मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत? तर म्हणतात, "त्यात काय सांगायचं? डावखुऱ्या माणसाचं असतं तसं. माझी नात पण तशीच आहे, पुस्तकसुद्धा मागून उघडते." मी कार्ड फिरवलं, हिरवा दिवा लागला, मी आत गेले. अशा गोष्टींनी अस्वस्थ होणाऱ्यांतली मी नव्हे. अठ्ठावन्न वर्षांची आहे, निम्मं आयुष्य वटवाघळांच्या जनुकांवर काढलंय, आणि कुणी मला उलटी म्हटलं तर तो मी मानच समजत आलेय. पण दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात माझे पाय आपोआप थांबले. डाव्या हातात कार्ड होतं, अंगठा त्याच्या कोपऱ्यावर होता. कोपरा कायम माझ्या अंगठ्याखाली येतो, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा दिसलं. आणि लगेच, का कोण जाणे, एक दुसरा कोपरा आठवला. प्लास्टिकचा, कापलेला.

ज्या एका गोष्टीमुळे मला चार लोक ओळखतात ती आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शहराबाहेरच्या धरणाखाली एक जुना, वापरात नसलेला पाण्याचा बोगदा आहे. त्यात एका दुर्मिळ जातीच्या वटवाघळांची वस्ती आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी तिथं जाळं लावून चौऱ्याण्णव वटवाघळं पकडली, सत्तेचाळीस नर, सत्तेचाळीस माद्या, प्रत्येकाच्या पंखाच्या पडद्यातून मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा घेतला आणि सोडून दिली. तेवढी जखम तीन आठवड्यांत भरते, त्यांना त्याचं काही नसतं. त्या तुकड्यांतला जो डीएनए फक्त आईकडून येतो तो वाचला की कोण कुणाच्या घराण्यातलं ते कळतं. सस्तन प्राण्यांत सहसा मुली आईच्या वस्तीत राहतात आणि मुलगे वयात आले की निघून जातात. हत्तीत तसं, सिंहात तसं, बहुतेक वटवाघळांत तसं. माझ्या बोगद्यात बरोबर उलटं निघालं. सगळे नर एकाच आईच्या साखळीतले, आणि माद्या ठिकठिकाणाहून आलेल्या. म्हणजे मुलगे घरी राहतात, मुली जातात. एवढं एक निघालं आणि माझं नाव झालं. पाठ्यपुस्तकात अर्धं पान आलं. परिषदेत लोक 'उलट्या बोगद्याच्या बाई' म्हणून हाक मारायला लागले. शंका काढणारे निघाले, नाही असं नाही, पण त्यांना मी नाकावर टिच्चून उत्तरं दिली. पुढं बोगदा दुरुस्तीसाठी पंधरा वर्षं बंद राहिला, त्या जातीची दुसरी एवढी मोठी वस्ती कुणाला सापडली नाही, आणि माझा शब्द शेवटचा ठरला. मला शेवटचा शब्द आवडतो.

दुरुस्ती संपली आणि माझ्याकडे टाचणी आली. टाचणी म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. तीस वर्षांची, काटकुळी, आणि कुठं टोचायचं ते बरोबर माहीत असलेली. नाव प्रयोगशाळेतल्या कुणीतरी ठेवलं आणि तिनं ते दारावरच्या पाटीवरसुद्धा लावून टाकलं. तिचा विषय सरळ होता: तोच बोगदा, तीच जात, एकोणीस वर्षांनंतर. तीन हंगाम तिनं नमुने गोळा केले. पहिल्या हंगामात तिच्या माद्या एकाच साखळीतल्या निघाल्या आणि नर ठिकठिकाणचे. मी म्हटलं, नर-मादी अदलाबदल केलीस, परत कर. तिनं परत केलं. मी म्हटलं, दुरुस्तीत जुनी वस्ती उठून गेली असेल, ही भलतीच आहे. तिनं दाखवून दिलं की साखळी तीच आहे, अक्षर न् अक्षर माझ्या जुन्या कागदातली, फक्त ती नरांऐवजी माद्यांत सापडते. तरी मी मान हलवली. आणि गेल्या महिन्यात तर मी तिला सगळ्यांसमोर झापलं, ते वेगळ्याच कारणावरून. नमुन्यांच्या प्लेटमध्ये दोन खाचा रिकाम्या ठेवून त्यांत नुसतं शुद्ध पाणी घालायचं असतं, म्हणजे काही भेसळ झाली तर कळतं. माझ्याकडे शिस्त अशी की पाणी तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत. नीटस दिसतं, विसरायला होत नाही. टाचणीनं एक कोपऱ्यात घातलं आणि दुसरं मधेच कुठंतरी, तिसऱ्या ओळीत. "हे काय? मनाला येईल तिथं?" मी म्हटलं. ती काहीतरी सांगायला गेली, मी सांगू दिलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असंही म्हणाले. घडा कोण होता ते आज कळायचं होतं.

काल तिनं निरोप ठेवला होता: उद्या चार वाजता भेटायचंय, विषय सोडण्याचा अर्ज घेऊन येते, सही लागेल. तीन वर्षांचं काम सोडून ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या विषयाला जाणार होती. मी काल तो निरोप वाचून मनात म्हटलं होतं, झेपत नसेल तर बरंच आहे. हे लिहायला लाज वाटते, पण म्हटलं होतं खरं. आणि आज सकाळी दहा वाजता मी जिन्यात उभी होते, हातात कार्ड, आणि डोक्यात एकच प्रश्न: एकोणीस वर्षांपूर्वीची ती प्लेट मी कोणत्या हातानं उचलली होती?

प्लेट म्हणजे तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यात शहाण्णव खाचा, आठ ओळींत बारा-बारा. हल्ली कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले असतात, आंधळासुद्धा चुकणार नाही. त्या काळच्या स्वस्त प्लेटांवर काही नसायचं, फक्त एक कोपरा तिरका कापलेला. तो डावीकडे वर ठेवायचा, की पहिली खाच ती. यंत्रालाही तेवढंच कळायचं. मी तळघरात गेले, जुन्या फ्रीझरचं दार उघडलं. दारावर कागद चिकटवलेला होता: 'या आठवड्यात सफाई. खालच्या यादीत नको असलेल्या वस्तूंपुढे खूण करा.' खालच्या खणात बर्फाच्या पापुद्र्यात माझी प्लेट होती, बाजूवर माझ्याच डावखुऱ्या, मागं झुकलेल्या अक्षरात तारीख. मी ती बाहेर काढली. डाव्या हातानं. कापलेला कोपरा अंगठ्याखाली आला. टेबलावर ठेवली तर कोपरा माझ्याकडे, उजवीकडे खाली. अगदी सहज. कुणी शिकवावं लागलं नाही. मी ती उचलून परत ठेवली, न बघता, दुसरीकडे बोलत असल्यासारखी. परत कोपरा माझ्याकडेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. जित्याची खोड.

वही काढली. त्या वर्षीचा तंत्रज्ञ रजेवर होता, म्हणून सगळे नमुने मी एकटीनं भरले होते, हे वहीत लिहिलंय. एरवी तो भरायचा, आणि तो उजव्या हाताचा होता. वहीतल्या नकाशात डाव्या सहा उभ्या रांगा माद्या, उजव्या सहा उभ्या रांगा नर, आणि दोन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाणी. प्लेट अर्धी फिरवली की माद्यांच्या जागी नर येतात आणि नरांच्या जागी माद्या. पाण्याच्या जागी पाणीच येतं. माझी नीटस शिस्त! भेसळ पकडायला ठेवलेलं पाणी माझी प्लेट उलटी असतानासुद्धा गुमान आपल्या जागी बसून राहिलं. टाचणीनं दुसरं पाणी तिसऱ्या ओळीत का घातलं होतं ते आता कळलं. ती सांगायला गेली होती ते हेच असणार. म्हणून ओरडा खाल्ला बिचारीनं.

नुसत्या संशयावर मी कुणाला काही सांगत नाही, स्वतःलाही नाही. या वेळी कापलेला कोपरा नीट डावीकडे वर ठेवून जुन्या प्लेटमधल्या आठ खाचांमधून एकेक थेंब घेतला आणि नर की मादी ते तपासायला लावलं. हे एकोणीस वर्षांपूर्वी का केलं नाही? अहो, वटवाघूळ हातात धरलं की ते नर आहे की मादी हे दिसतं. दिसतंय ते जनुकांवरून कोण कशाला तपासेल? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मीच विद्यार्थ्यांना म्हणत आलेय. मादीचा एक पट्टा येतो, नराचे दोन. तीन तास लागतात. वर माझ्या खोलीत येऊन दार ओढून घेतलं, खुर्ची ओढली, आणि बसले. रिकाम्या वेळाचा मला सराव नाही. अशा वेळी आई येते.

आई शिवणकाम करायची. आमचं घर म्हणजे तिच्या मशीनला भाड्यानं दिलेलं आणि उरलेल्या जागेत आम्ही, असं दादा म्हणायचा. दादा माझा मोठा भाऊ. आई कापड बेतताना कडेला कात्रीनं छोटी चिमटीएवढी खाच द्यायची. ती खाच बघून बाही पुढची की मागची, डावी की उजवी ते ठरतं. मी डावखुरी, आईची कात्री उजव्या हाताची, तेव्हा माझ्या बोटांना फोड आणि कापडाला दाते. बारा वर्षांची असताना तिनं मला शेजारच्या बाईंच्या ब्लाऊजच्या बाह्या जोडायला दिल्या. मी दोन्ही उलट्या लावल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, आणि इतक्या सफाईनं की घडी घातल्यावर कुणाला कळलं नाही. बाईंनी अंगात घातल्यावर कळलं. त्यांचे हात मागं ओढल्यासारखे राहिले. मला वाटलं आता पाठ सडकून निघणार. आई नुसती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आधी खूण बघ, मग हात चालव," म्हणाली, आणि उसवायची सुई माझ्या हातात दिली. डाव्या. तिनं माझा हात बदलायचा प्रयत्न कधी केला नाही. मोठी माणसं सांगायची, तरी नाही. "तिचा हात तिला माहीत," म्हणायची.

मी शिकायला म्हणून निघाले ती परत राहायला गेलेच नाही. वडील नव्हते. दादा राहिला, वहिनी आली, आईचं गुडघ्यांचं, डोळ्यांचं सगळं त्या दोघांनी केलं. मी सुट्टीत जायची, औषधांची नावं विचारायची, दोन दिवसांत बोगद्याकडे पळायची. कुणी काही बोललं नाही, आणि न बोललेलंच जास्त ऐकू येतं. मग तो निकाल आला. मला आठवतंय, मी सगळ्यात आधी फोन आईला केला होता, संचालकांना नंतर. म्हटलं, "आई, आमच्या वटवाघळांत मुलगे घरी राहतात आणि मुली जातात. निसर्गातच आहे ते." पलीकडे मशीनचा आवाज थांबला. ती म्हणाली, "असं का? मग त्यांच्या आईला सांग, सवय होते." मी हसले. तीही हसली. मी ते वाक्य इतकी वर्षं आशीर्वादासारखं जपलं, आणि त्याच्या खाली बोट घालून बघितलं नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या दिवशी मी पोचले तेव्हा दादा उशाशी होता. मी पायाशी उभी राहिले. मला तेव्हाही आत कुठंतरी वाटलं होतं, हे असंच असतं, बोगद्यात असंच असतं. किती मूर्ख असू शकतं शहाणं माणूस! वटवाघळांच्या पाठीमागं लपून मी स्वतःच्या घरी गेले होते.

अडीच वाजता निकाल आला. वहीतल्या चार माद्यांना दोन-दोन पट्टे, चार नरांना एक-एक. आठपैकी आठ. मी ते चित्र छापलं, खिडकीशी नेऊन परत बघितलं. मग जे केलं तेही सांगते. मी खाली तळघरात गेले आणि फ्रीझरवरच्या त्या कागदासमोर पेन घेऊन उभी राहिले. प्लेटच्या नावापुढे एक खूण केली असती की शुक्रवारी ती कचऱ्यात गेली असती. टाचणी चार वाजता सही घेऊन दुसऱ्या गावी गेली असती. पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान जिथल्या तिथं राहिलं असतं आणि दोन वर्षांनी मी हार घालून निवृत्त झाले असते. कुणाला कळणार होतं? दारावरच्या काकांना? मी तिथं किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, पण घाम फुटला होता हे खरं, फ्रीझरच्या थंडीत. आणि मग मला राग आला. स्वतःचा नव्हे, भीतीचा. मी म्हणजे काय अर्ध्या पानाची बाई आहे का? चौऱ्याण्णव वटवाघळं मी एकेक करून हातात धरली होती, एकाचाही पंख फाटू दिला नाही. नमुने चोख होते, वाचन चोख होतं, साखळी आज एकोणीस वर्षांनी अक्षर न् अक्षर जुळते. एक प्लेट उलटी ठेवली. ती सरळ ठेवायलासुद्धा माझ्याइतकं दुसरं कोण योग्य आहे? मी पेन खिशात घातलं आणि प्लेट घेऊन वर आले.

चारला पाच मिनिटं असताना टाचणी आली. दोन हातांत अर्ज धरला होता, डोळे सुजलेले. बसली नाही. "मॅडम, तेवढी सही द्या. मला वाद नको आता. माझ्या हाताचाच भरवसा वाटेनासा झालाय." मी म्हटलं, बस. म्हणाली, नको. मी म्हटलं, "अगं बस गं, मला मान वर करून बोलता येत नाही." ती बसली. मी तिच्यासमोर वही उघडली, वर ते चित्र ठेवलं, शेजारी प्लेट. ती हुशार आहे. अर्ध्या मिनिटात तिचं बोट नकाशावरून पट्ट्यांवर गेलं, पट्ट्यांवरून कापलेल्या कोपऱ्यावर, आणि तिथं थांबलं.

"फिरली," ती म्हणाली.

"मी फिरवली," मी म्हटलं. "तुझ्या माद्या बरोबर आहेत. पहिल्या हंगामापासून बरोबर होत्या."

मला वाटलं आनंदानं रडेल. पण ती टाचणीच. "मग गेल्या महिन्यात पाण्यावरून मला सगळ्यांसमोर बोललात, ते?"

"ते चुकलं. उद्या सगळ्यांसमोर तसं सांगते. आणि इथून पुढं दुसरं पाणी तिसऱ्या ओळीत."

"आणि पालथा घडा?"

"तो मी." एवढं म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढा आख्खा पेपर लिहायला लागत नाही. ती पहिल्यांदा हसली, मग हसता हसता रडायला लागली, मग रुमाल शोधायला लागली. मी माझा दिला. मग आम्ही दोघींनी मिळून नियतकालिकाला पत्र लिहिलं. ती म्हणाली, "'तांत्रिक त्रुटीमुळे' असं लिहूया, बरं दिसेल." मी म्हटलं, तंत्राला कशाला बदनाम करायचं? लिही: प्लेट मी एकटीनं भरली आणि उलटी ठेवली. सोबत तिचे तीन हंगाम जोडले, तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. अर्ज तिनं स्वतः फाडला, चार तुकडे, नीट सारखे. पत्रावर सही मी डाव्या हातानं केली. त्या हातावर माझा राग नव्हता. बोगद्यातली वस्ती आता जगातल्या बाकीच्या वस्त्यांसारखीच ठरली होती, मुली घरी आणि मुलगे बाहेर, आणि मला आश्चर्य वाटलं की मला ती कमी आवडत नव्हती.

संध्याकाळी दाराशी यंत्राला कार्ड लावलं, पहिल्याच वेळी हिरवा दिवा. काका म्हणाले, "जमलं की!" मी म्हटलं, "तुमच्यामुळे फार काय काय जमलं आज, नातीला माझा आशीर्वाद सांगा." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसले आणि दादाला फोन लावला. एवढ्या लवकर मी कधी करत नाही, त्यामुळे त्यानं आधी "काय झालं?" विचारलं. मी सांगितलं. सगळं नाही समजलं त्याला, पण मुद्दा समजला.

"म्हणजे मुली घरीच राहतात?" तो म्हणाला.

"हो."

"आणि तू ते उलटं लावलंस?"

"हो रे. किती वेळा वदवून घेशील?"

तो हसायला लागला. चिडवल्यासारखं नव्हे, आई हसायची तसं, थांबत थांबत. "तू तेव्हा फोन केला होतास ना," तो म्हणाला, "त्या दिवशी फोन ठेवल्यावर आई तासभर हसत होती. म्हणाली, पोरीनं कुठंतरी बाही उलटी लावली बघ. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं? तर म्हणाली, मला वटवाघळं कळत नाहीत, ती कळते. जायचं होतं म्हणून गेली, चांगलं केलं, त्याला वटवाघळांची साक्ष कशाला हवी?"

रस्त्यावरून माणसं चालली होती, कुणी बघितलं तर बघू दे, मी डोळे पुसले नाहीत. "मग मला सांगितलं का नाही तिनं?" मी विचारलं. "कधीच कसं नाही सांगितलं?"

"मी तेच म्हटलं. म्हटलं, फोन करून सांग तिला. तर नको म्हणाली. म्हणाली, तिला दिसेल तेव्हा तिचं तीच उसवेल, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. भरवसा होता तिचा."

फोनमध्ये त्याच्या मागं वहिनीनं कसलं तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तिला सांग, उसवलं म्हणून," मी बोलून गेले.

दादा म्हणाला, "सांगतो."